आजीची जन्मनोंद आणि भारताची जर्सी: परदेशातल्या मराठी मुलांना भारताकडून खेळायचं असेल तर

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातल्या कर्मचाऱ्यानं लाल कापडाचा रुमाल सोडला, वरची धूळ हातानंच झटकली आणि कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची, पानं उलटायला सुरुवात केली. १९४९ सालचं पान निघालं. सगळ्या ओळी मोडीत, शाई तपकिरी पडलेली, एका कोपऱ्याला वाळवी लागलेली. माझ्यासोबत मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आले होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं: बापाचं नाव, गाव, तारीख. अपत्याच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता, ‘मुलगी’. पुढे नाव नाही.

ती मुलगी म्हणजे माझी मावशी. तिची नात, म्हणजे माझी भाची, मेलबर्नमध्ये फुटबॉल खेळते. सतरा वर्षांची आहे, डाव्या पायानं खेळते आणि तिला भारताकडून खेळायचं आहे. तिनं ते पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा घरात सगळ्यांचे डोळे भरून आले, आणि त्यानंतर दीड वर्ष मी कागद गोळा करतोय. या काळात जे समजलं ते इथे क्रमानं मांडतो. परदेशातल्या अनेक मराठी घरांमध्ये अशी मुलं आहेत, आणि बहुतेकांना हे सगळं फार उशिरा कळतं.

आधी दोन दारं ओळखा

गोंधळ इथेच होतो. भारताकडून खेळायला दोन वेगळ्या दारांतून जावं लागतं आणि दोन्ही दारांवर वेगळा प्रश्न विचारतात.

पहिलं दार देशाचं. तिथे प्रश्न एकच: तू आज भारताची नागरिक आहेस का? आईवडील कोण, आडनाव काय, घरात मराठी बोलता का, याला तिथे महत्त्व नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या २००८ सालच्या धोरणानुसार राष्ट्रीय संघात फक्त भारतीय नागरिकच खेळू शकतो. त्याआधी असं नव्हतं. अमेरिकी नागरिक असलेला टेनिसपटू प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस चषक खेळला, आणि अमेरिकेचीच सुनीता राव २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झासोबत दुहेरीत उतरली. ते दार त्यानंतर बंद झालं. दिल्ली उच्च न्यायालयानंही पुढे हे धोरण उचलून धरलं. त्यामुळे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड, कितीही वर्षांचं असलं तरी त्यावर भारताची जर्सी मिळत नाही. अनेक पालक इथेच फसतात. ‘ओव्हरसीज सिटिझन’ या शब्दांत ‘सिटिझन’ आहे खरं, पण ते नागरिकत्व नव्हे.

दुसरं दार खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं. फुटबॉलमध्ये ती फिफा. फिफा नागरिकत्व तर बघतेच, पण ते नव्यानं घेतलेलं असेल तर पुढचा प्रश्न विचारते: तुझा जन्म, तुझ्या आईचा किंवा वडिलांचा जन्म, किंवा चारपैकी एखाद्या आजी-आजोबांचा जन्म त्या देशाच्या भूमीवर झाला आहे का? यातलं काहीच नसेल तर मग तिथे काही वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. पणजोबा चालत नाहीत.

म्हणजे देशाचा कायदा नागरिकत्व मोजतो आणि फिफा जन्मगाव मोजते. हा फरक आमच्या घरात किती बोचला ते सांगतो. माझी मावसबहीण, म्हणजे भाचीची आई, मस्कतला जन्मली, कारण तिचे वडील तेव्हा तिथे नोकरीला होते. जन्मानं ती भारतीय नागरिक होती, वडिलांकडून. पुढे तिनं ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलं. भारताच्या कायद्यापुढे ती ‘पूर्वी भारतीय नागरिक असलेली आई’ आहे आणि मुलीला त्याचा मोठा उपयोग होतो. फिफापुढे मात्र तिचा जन्म ओमानचा. मुलीचे वडील ऑस्ट्रेलियाचेच. आईकडचे आजोबा जन्मले कराचीत, फाळणीच्या वेळी इकडे आलेल्या मराठी घरात. कराची आज पाकिस्तानात आहे, तेव्हा त्या कागदावर विसंबायचं नाही असं आम्ही ठरवलं. उरली फक्त मावशी. म्हणून ते कोतवाल बुक.

पायरी १: मूल आज कायद्यानं कुठलं आहे?

हे गृहीत धरू नका, कागद काढून बघा.

आखातातल्या मराठी मुलांचं सगळ्यात सोपं. दुबई, मस्कत, दोहा इथे जन्मलं म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही. आईवडील भारतीय असतील आणि मुलाचा भारतीय पासपोर्ट असेल तर पहिलं दार उघडंच आहे. एक काळजी मात्र घ्या. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षभरात भारतीय वकिलातीत व्हावी लागते. ती राहून गेली असेल तर आधी ते निस्तरा, कारण त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते.

अमेरिका आणि कॅनडामध्ये जन्मलेलं मूल सहसा जन्मतःच तिथलं नागरिक असतं. आईवडील भारतीय नागरिक असताना वकिलातीत नोंद झालेली असेल, तर असं मूल काही काळ दोन्हीकडचं असू शकतं. पण अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडलं नाही तर भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. हे सहा महिने कुणी आठवण करून देत नाही, म्हणून कॅलेंडरवर लाल रंगानं लिहून ठेवा.

आईवडिलांनी मुलाच्या जन्माआधीच परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर मूल भारतीय नाही, मग ते पुण्यात आजीकडे कितीही वाढलेलं असो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. जर्मनीनं २०२४ मध्ये दोन पासपोर्टांना मोकळीक दिली, पण त्याचा आपल्याला उपयोग नाही. अडवणारा कायदा आपला आहे: स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं.

बांगलादेशाची गोष्ट इथे आठवते. इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टर सिटीकडून प्रीमियर लीग खेळलेला हमझा चौधरी २५ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये बांगलादेशाकडून पहिला सामना खेळला, तोही भारताविरुद्ध. सामना ०-० सुटला. त्याला ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागला नाही. त्याच्याच वयाच्या भारतीय वंशाच्या खेळाडूला तो सोडावाच लागला असता. हे धोरण बदलावं असं मला मनापासून वाटतं. पण ते बदलेल या आशेवर मुलाची वर्षं घालवू नका. आजच्या नियमांप्रमाणे तयारी करा.

पायरी २: आजी-आजोबांचे कागद, आणि ते आजच

मूल दहा वर्षांचं असलं तरी ही पायरी आज सुरू करा. आजी-आजोबा हयात असताना जे काम एका प्रतिज्ञापत्रात होतं, त्यालाच नंतर तीन कचेऱ्या फिराव्या लागतात.

मुंबई-पुण्यासारख्या शहरात जन्म असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात जुन्या नोंदी सापडू शकतात. खेड्यातला जन्म असेल तर ग्रामपंचायत, आणि फार जुना असेल तर तहसील कचेरीतलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. जाताना तारीख आणि गाव पक्कं माहीत हवं, कारण बाळंतपण माहेरी होतं. आम्ही आधी मावशीच्या वडिलांच्या गावचं बुक धुंडाळलं आणि एक अख्खा दिवस गेला. मग आईनं सहज विचारलं, “अरे, ती मामाच्या गावची ना?” दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावचा रुमाल सोडला तर तासाभरात नोंद मिळाली. तेव्हा आजोळ कुठलं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी विचारा.

आता त्या ‘मुलगी’ शब्दाचं काय केलं? बारशाआधी नोंद होई, त्यामुळे जुन्या बुकांत नाव नसणं नेहमीचं. अशा वेळी शाळा मदतीला येते. मावशी चौथीपर्यंत गावच्याच शाळेत होती. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिचं माहेरचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव तिन्ही होती, आणि तारीख कोतवाल बुकाशी जुळत होती. त्या रजिस्टरचा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा उतारा घेतला.

पुढची अडचण खास आपली. लग्नात आपल्याकडे बाईचं आडनाव बदलतंच, आणि त्या पिढीत अनेकींचं पहिलं नावही बदलायचं. मावशी माहेरी एका नावानं, सासरी दुसऱ्या, आणि पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगनं. परदेशातल्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला काढा. तो नसेल तर लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड, जे मिळेल ते जोडून ‘या तिन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करा. मावशीनं ते स्वतः केलं, थरथरत्या हातानं सही केली आणि विचारलं, “एवढ्यानं पोरीला खेळायला मिळेल ना?”

नोंद कुठेच नसेल तर विलंबित नोंदणीचा रस्ता असतो, पण वर्षाहून उशिराच्या नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि वेळ जातो. कुणी एजंट ‘दोन दिवसांत दाखला देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. खोटा दाखला नागरिकत्वाच्या अर्जात सापडला तर अर्ज तर जाईलच, शिवाय गुन्हाही दाखल होऊ शकतो.

मोडीतल्या नोंदीचं देवनागरी लिप्यंतर मोडी जाणकाराकडून सहीनिशी घ्या आणि त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेवा. कागद परदेशात वापरायचे असतील तर राज्य पातळीवर प्रमाणित करून परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणन, लावून घ्या. तीन-तीन प्रती काढा. एकाच आजीवर थांबू नका. चौघांचे कागद मिळाले तर चौघांचे ठेवा.

सोबत आईवडिलांचे रद्द झालेले भारतीय पासपोर्ट आणि नागरिकत्व सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. घर बदलताना हेच कागद हमखास हरवतात.

पायरी ३: ओसीआय कार्ड लवकर काढा

ओसीआयवर भारताकडून खेळता येत नाही, हे वर आलंच. तरी ते काढायचं, दोन कारणांसाठी. एक, भारतात यायला-राहायला आयुष्यभर व्हिसा लागत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(छ) प्रमाणे पाच वर्षं ओसीआय असलेली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेली सज्ञान व्यक्ती नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. तेराव्या वर्षी कार्ड निघालं तर अठराव्या वर्षी पाच वर्षं भरलेली असतात. सतराव्या वर्षी काढलं तर बावीस उजाडतं, आणि फुटबॉलपटूच्या आयुष्यात ती चार वर्षं फार मोठी असतात.

माझ्या भाचीसारखी स्थिती असेल, म्हणजे आई किंवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते, तर कलम ५(१)(च) आहे. त्यात ओसीआयच्या पाच वर्षांची अट नाही. वय अठरा आणि बारा महिन्यांचं वास्तव्य पुरतं. पण कुटुंब तीन पिढ्या बाहेर असेल तर (छ) हाच रस्ता. तुम्ही कुठल्या कलमात बसता हे वकिलाकडून एकदा लेखी घ्या. इथे पैसे वाचवू नका.

पायरी ४: परदेशातल्या संघाचं बोलावणं आलं तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण ही वेळ आनंदाची असते. चौदा-पंधराव्या वर्षी त्या देशाच्या वयोगट संघाकडून बोलावणं येतं. घर नाचतं, फोटो निघतात, आणि कुणी विचारतच नाही की या सामन्यानं पुढचं काय बांधलं जाणार आहे.

फिफाचे नियम २०२० मध्ये थोडे सैल झाले. मुलीच्या कामाचं तेवढं सांगतो. सराव शिबिरानं काही अडत नाही. मैत्रीपूर्ण सामना अधिकृत स्पर्धेत मोडत नाही. वयोगटाच्या अधिकृत स्पर्धेत खेळली आणि तेव्हा तिच्याकडे भारताचं नागरिकत्व नसलं, तरी शेवटचा असा सामना तिची एकवीस वर्षं पूर्ण होण्याआधीचा असेल तर नंतर एकदाच संघटना बदलता येते, म्हणजे दुसऱ्या देशाकडे जाता येतं. पण मुख्य, म्हणजे ‘अ’ संघाकडून एकही अधिकृत सामना खेळली, मग ते विश्वचषकाच्या पात्रता फेरीतली शेवटची तीन मिनिटं का असेनात, तर सगळं बदलतं. त्यानंतर बदल मागायला तीनपेक्षा जास्त ‘अ’ सामने झालेले नसावेत, शेवटचा एकविशीआधीचा असावा, मध्ये तीन वर्षं गेलेली असावीत, विश्वचषक किंवा खंडीय अजिंक्यपदाच्या मुख्य स्पर्धेत ती खेळलेली नसावी, आणि पहिल्या सामन्याच्या वेळीच नव्या देशाचं नागरिकत्व हातात असावं. ही शेवटची अट आपल्यासाठी जवळपास अशक्य, कारण भारताचा आणि दुसरा असे दोन पासपोर्ट एकाच वेळी बाळगताच येत नाहीत.

म्हणून वयोगटातून खुशाल खेळू द्या. मोठ्या संघाच्या अधिकृत सामन्याचं पत्र आलं की मात्र घरात बसून बोला. आणि तेव्हा निर्णय मुलीचा असू द्या. तिला ऑस्ट्रेलियाकडून खेळायचं असेल तर तेही तितकंच तिचं आहे. ती तिथेच वाढली. ‘आपला देश’ म्हणत मुलांवर ओझं टाकणारे काका-मामा मी पाहिले आहेत, आणि कधीकधी तसाच बोलत असताना स्वतःलाही थांबवलं आहे.

या नियमांचा ताजा दाखला म्हणजे रायन विल्यम्स. पर्थमध्ये जन्मलेला, इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ आणि फुलहॅमकडून खेळलेला, २०२३ पासून बंगळुरू एफसीत. आई मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन घरातली. आजोबा १९५० च्या दशकात मुंबईकडून संतोष करंडक ही राज्यांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा खेळलेले. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाकडून तो २०१९ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध एकदाच उतरला होता, आणि तो सामना मैत्रीपूर्ण होता. म्हणून रस्ता उघडा राहिला. तोच सामना अधिकृत स्पर्धेतला असता तर आईचं जन्मगाव मुंबई असूनही उपयोग झाला नसता.

पायरी ५: भारतातले बारा महिने

कागदावर ही अट छोटी दिसते, पण प्रत्यक्षात सगळ्यात कठीण हीच. अर्जाआधीचे सलग बारा महिने भारतात. विशेष कारण असेल तर केंद्र सरकार जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देऊ शकतं, तीही तुटक-तुटक चालते. युरोपात खेळणाऱ्या खेळाडूला हे जमत नाही. ब्रिटनमध्ये क्लब फुटबॉल खेळणाऱ्या यान धांडासारख्यांनी भारताकडून खेळण्याची इच्छा बोलून दाखवली होती, पण मध्ये पासपोर्टची भिंत आलीच. ज्यांनी ते केलं त्या दोघांकडे बघा. विल्यम्स बंगळुरूत राहत होता. त्याच्या आधीचा अराता इझुमी जपानमध्ये जन्मला, वडील गुजराती, आई जपानी. २००६ मध्ये तो भारतात आला, महिंद्रा युनायटेडकडून खेळला, पुढे पुणे एफसीत रमला, २०१२ मध्ये नीलकंठ खंबोलजा या नावानं भारतीय नागरिक झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. बालेवाडीच्या स्टँडमध्ये बसून त्याचे सामने पाहिलेल्यांना त्याच्या नागरिकत्वाची बातमी घरच्यासारखी वाटली होती. दोघेही इथे राहून, इथल्या लीगमध्ये खेळून इथपर्यंत पोचले.

तर वर्षाची आखणी अशी करा.

अठराच्या आत मुलीला एकटीला पाठवू नका. फिफाच्या नियमानं अठराखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली साधारणपणे बंद आहे. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं देश बदलत असतील तर वगैरे मोजके अपवाद आहेत. त्यामुळे बारावीनंतरचं वर्ष सोयीचं पडतं.

क्लब आधी ठरवा. नागरिक होईपर्यंत ती परदेशी खेळाडूच धरली जाते आणि परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात. मुलींसाठी इंडियन विमेन्स लीग आहे. महाराष्ट्रात राज्य संघटना म्हणजे विफा, तिचं ठाणं मुंबईच्या कूपरेजवर. सामन्यांचे पूर्ण व्हिडिओ पाठवा, निवडक गोलांची फीत नको. प्रशिक्षकाला चेंडू पायात नसताना मुलगी काय करते ते बघायचं असतं.

राहण्याचा पुरावा पहिल्या दिवसापासून जमवा: नोंदणीकृत भाडेकरार, बँकखातं, क्लबचा करार, पासपोर्टवरचे शिक्के. आणि एका वहीत भारताबाहेर गेलेल्या प्रत्येक दिवसाची नोंद ठेवा. दिवाळीला मेलबर्न, नाताळला मेलबर्न, मैत्रिणीच्या लग्नाला बाली, असं करता करता तीस दिवस कधी उडतात कळत नाही. माझ्या भाचीला मी आत्ताच सांगितलंय, त्या वर्षी आईनंच इकडे यायचं.

पायरी ६: अर्ज आणि पासपोर्ट सोडणं

अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. मग कागद राहत्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, तिथून चौकशी होऊन राज्य सरकारकडे आणि शेवटी केंद्राकडे. पोलीस पडताळणीला घरी कुणीतरी हजर हवं. तारखा विचारत राहा, नम्रपणे, पण सोडू नका.

एक गोष्ट ठळक करून सांगतो: परदेशी नागरिकत्व आधी सोडू नका. केंद्राकडून अर्ज स्वीकारल्याचं आणि त्यागाचा पुरावा मागणारं पत्र आल्यावरच सोडा. नाहीतर मूल काही महिने कुठल्याच देशाचं राहत नाही.

सोडण्याचा अर्थ देशागणिक वेगळा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेण्यासाठी सोडलेलं नागरिकत्व ठरावीक अटींवर परत देऊ शकतात. अमेरिकेचं एकदा सोडलं की ते परत मिळवायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि परत घेतलं की भारताचं जातं, हेही ध्यानात असू द्या.

क्लब कारकिर्दीचा हिशोबही इथेच मांडा. ब्रिटनमध्ये परदेशी खेळाडूला खेळण्याचा परवाना देताना त्याच्या राष्ट्रीय संघाचं फिफा मानांकन बघतात. भारतीय पुरुष संघाचं मानांकन पाहता तिथलं दार अवघड होतं. म्हणून बऱ्याच जणांना हा निर्णय कारकिर्दीच्या उत्तरार्धात परवडतो. विसाव्या वर्षी घ्यायचा असेल तर डोळे उघडे ठेवून घ्या.

पायरी ७: फिफाची मंजुरी

भारतीय पासपोर्ट हातात आला म्हणजे झालं, असं नाही. आधी दुसऱ्या देशाकडून अधिकृत सामने खेळलेली असेल तर बदलाचा अर्ज अखिल भारतीय फुटबॉल महासंघामार्फत फिफाकडे जातो, आणि तो प्रलंबित असेपर्यंत खेळाडू कुठल्याच देशाकडून खेळू शकत नाही. विल्यम्सनं नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय पासपोर्टसह शिबिर गाठलं, संघासोबत ढाक्यालाही गेला, पण १८ नोव्हेंबरच्या बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यापर्यंत कागदपत्रं पूर्ण झाली नाहीत. मंजुरी नंतर आली. सामना भारत ०-१ हरला. म्हणून जुन्या देशाच्या संघटनेकडून खेळाडूची सामन्यांची यादी आणि ना हरकत पत्र नागरिकत्वाचा अर्ज करतानाच मागून ठेवा. आजीच्या जन्माच्या कागदांचा खरा उपयोग इथे होतो.

गोव्यातल्या घरांसाठी

गोव्यात हीच गोष्ट उलट्या दिशेनं घडते. १९ डिसेंबर १९६१ आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवून त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्व मागू शकतात. अनेक घरांनी तसं केलंय, आणि युरोपात नोकरी मिळते म्हणून ते समजण्यासारखंही आहे. पण मुलगा गोव्याच्या वयोगट संघात असेल, राष्ट्रीय शिबिराच्या उंबरठ्यावर असेल, तर त्याच्या नावानं पोर्तुगीज पासपोर्ट काढण्याआधी थांबा. पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गेलं आणि त्यासोबत भारताची जर्सीही. वडिलांनी घेतला तरी मुलाचं काय होतं, हे दोन्ही देशांचे कायदे समजणाऱ्या वकिलाला आधी विचारा.

खेळ दुसरा असेल तर

पहिलं दार सगळ्यांना सारखंच. दुसरं बदलतं. बास्केटबॉलमध्ये सोळा वर्षांनंतर नागरिकत्व घेतलेला एकच खेळाडू साधारणपणे संघात चालतो, आणि आपल्या कायद्यात अर्ज अठराव्या वर्षांनंतरचा, तेव्हा जागा एकच. ऑलिंपिकमध्ये एका देशाकडून खेळून दुसऱ्याकडे जायचं तर तीन वर्षांचं अंतर, जे संबंधितांच्या संमतीनं कमी होऊ शकतं. रग्बीत २०२२ पासून छत्तीस महिने थांबून आपल्या, आईवडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या जन्मदेशाकडे एकदा जाता येतं. क्रिकेटमध्ये जन्म, पासपोर्ट किंवा तीन वर्षांचं वास्तव्य यांपैकी एक पुरतं. त्याच आधारावर मुंबईचा सौरभ नेत्रवळकर, जो २०१० च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला होता, २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेकडून न्यूयॉर्कमध्ये भारताविरुद्ध गोलंदाजी करत होता.

आमची पायरी सध्या पाचवी. भाचीची परीक्षा संपली की ती मुंबईला येते. कोतवाल बुकाची सत्यप्रत, मोडीचं लिप्यंतर, शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणि मावशीचं प्रतिज्ञापत्र असा एक संच माझ्या कपाटात आहे, दुसरा मेलबर्नला. तिसरा मावशीनं स्वतःकडे ठेवून घेतला, देवघराच्या खणात, आणि येताना विमानात बूट कितीही जड झाले तरी कागद हातातल्याच पिशवीत ठेव, असं तिनं नातीला दोनदा बजावलं आहे.